पगारी खाडा

आमच्या घरात रजा हा शब्दच नव्हता. होता तो खाडा. माणूस कामावर गेला नाही तो दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे नाहीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या बाजारात हमाल आहेत. सकाळी आडतीवर जायचं, गाड्यांतून सोयाबीन, तूर, हरभरा जे येईल ते उतरवायचं, काट्यावर चढवायचं, थप्पी लावायची. दिवसभराची हमाली संध्याकाळी टोळीत वाटून घ्यायची. जो आला नाही त्याला वाटणी नाही. मग त्याला ताप असो की त्याच्या घरी पाहुणे असोत, टोळीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. टोळी वाईट नाही, पद्धतच तशी.

अण्णा खाडा करायचे, नाही असं नाही. पण तो फक्त अडचणीला. लहानपणी मी शेजाऱ्यांच्या गच्चीवरून पडून हात मोडून घेतला तेव्हा त्यांनी खाडा केला. आईला टायफॉइड झाला तेव्हा केला. वादळात पत्रे उडाले तेव्हा केला, आणि पत्रे बसल्या बसल्या दुपारून कामावर गेले. आनंदाच्या कारणासाठी अण्णांनी खाडा केल्याचं मात्र मला आठवत नाही. अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, पहिल्या मुलाचं बारसं आमच्याच घरात झालं. बाजार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी अण्णा आले ते दिवेलागणीला. पाळणा हलून थांबला होता, बाळ झोपलं होतं, आणि अंगावर सोयाबीनची धूळ होती म्हणून आईनं त्यांना आधी न्हाणीकडं पिटाळलं.

अक्काच्या लग्नाला ते पूर्ण दिवस होते. पण त्याचं कारण ऐका. आमच्याकडं मुहूर्त बघायची पद्धत नाही, आणि अमावास्येला बाजार बंद असतो. अण्णांनी लग्नच अमावास्येचं धरलं. त्या दिवशी दुसऱ्या कुणाचंच लग्न नव्हतं, त्यामुळं कार्यालय स्वस्तात मिळालं, आचारी तर आमची वाटच बघत होता. बिलोलीचे व्याही भारावून म्हणाले, "तुमचं घर लई पुढारलेलं हाय." पुढारलेलं कसलं, खाडा पडू नये एवढीच काळजी. पण अण्णांनी ते कौतुक गपगुमान घेतलं.

माझ्या नर्सिंगच्या शपथविधीला मात्र ते आले नाहीत. पांढरा गणवेश, हातात मेणबत्ती, सगळ्यांचे वडील मोबाईल उंच धरून फोटो काढत होते. माझा फोटो मैत्रिणीच्या वडलांनी काढला, आणि त्यात माझं डोकं अर्धं कापलं गेलं. घरी येऊन मी दोन दिवस अण्णांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तुरीची आवक जोरात होती.

अशा घरातून मी नांदेडला एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून लागले. पहिल्या आठवड्यात आम्हा नव्या लोकांना एका थंडगार खोलीत बसवलं आणि पगार नि रजा समजावून सांगितल्या. सांगणारी मुलगी माझ्याच वयाची, पुण्यात शिकून आलेली, फार गोड बोलायची आणि फार भरभर बोलायची. पडद्यावर एकामागून एक इंग्रजी अक्षरं येत होती. सीटीसी, पीएफ, सीएल, एसएल. मला ती रक्ताच्या तपासण्यांची नावं वाटत होती. मध्येच ती थांबायची आणि विचारायची, "क्लिअर ना सगळ्यांना?" आम्ही सगळे एका सुरात "यस मॅम" म्हणायचो. त्या खोलीत कुणालाही काहीही क्लिअर नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगायला तयार आहे. पण पहिल्याच आठवड्यात हात वर करून 'मला कळलं नाही' म्हणायला जे काळीज लागतं, ते आमच्यापैकी कुणी सोबत आणलं नव्हतं.

मला त्या सगळ्यातून एकच आकडा कळला, तो सर्वांत वरचा. तोच मी घरी सांगितला, आईनं तो गल्लीत सांगितला, आणि गल्लीनं त्यात आपापल्या परीनं भर घातली. महिना संपल्यावर फोनवर पगाराचा मेसेज आला तेव्हा आकडा बराच खाली उतरलेला होता. मी अण्णांना फोन केला. अण्णांनी एकच प्रश्न विचारला.

"मुकादम कोण हाय तुमचा?"

त्यांच्या जगात पैसे कमी आले तर ते मध्ये कुणीतरी खाल्लेले असतात. आमच्याकडं मुकादम नव्हता, इन्चार्ज होत्या. त्यांची ओळख इथंच करून द्यायला हवी. आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर म्हणजे जुन्या नांदेडातल्या बाई, वडील शिंपी, घर गल्लीबोळात, नोकरी वीसेक वर्षांची. चष्मा नाकाच्या टोकावर आणि आवाज असा की नातेवाईक पेशंटच्या खाटेवरून आपोआप उठून उभे राहायचे. आमच्याशी मराठी बोलायच्या, रागावल्या की दखनी बोलायच्या. मी त्यांच्याकडं गेले आणि घाबरत घाबरत विचारलं की माझे पैसे कुठे गेले.

त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि मला पगार समजावला. सीटीसी म्हणजे दवाखान्याला तू केवढ्याला पडतेस ते, तुझ्या हातात पडतं ते वेगळं. पीएफ म्हणजे तुझ्याच पगारातून दर महिन्याला थोडं बाजूला पडतं, आणि तेवढंच दवाखानाही आपल्याकडून टाकतो. म्हातारपणी कामाला येतं. त्या खोलीत तासभर चाललेलं प्रकरण त्यांनी औषधांच्या ट्रेपाशी उभ्या उभ्या संपवलं.

मी तेच अण्णांना सांगितलं. दवाखानाही तेवढेच टाकतो, हे अण्णांनी मला दोनदा सांगायला लावलं.

"म्हंजे आपण एक टाकला की मालक बी एक टाकतो?"

"हो."

"कशापायी?"

'नियमच आहे तसा,' मी म्हटलं. अण्णांनी 'बघू' म्हणून फोन ठेवला. तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाला मालक फुकटात आपल्या बाजूनं काही टाकतो, हे पचायला वेळ लागणारच. दवाखान्यातलं अंगठ्याचं मशीन मात्र त्यांना एकदम पसंत पडलं. अंगठा लावला की हजेरी पडते आणि मग ती कुणी खोडू शकत नाही, ही सोय बाजारात पण यायला पाहिजे, असं ते टोळीत सांगत सुटले.

पगार असा हळूहळू कळला. रजा कळायची राहून गेली, कारण ती कळून घ्यावी असं मला वाटलंच नाही. आठवड्याची सुट्टी मिळायची, तेवढी घ्यायचे. बाकी खाडा नाही. दिवाळीत सगळ्यांना घरी जायची घाई, मी आपणहून ड्यूटी मागून घेतली. थंडी वाजून ताप आला तरी गोळी घेऊन उभी राहिले. तेव्हा इन्चार्जबाईंनी माझ्याकडं संशयानं बघितलं होतं, पण मी मनातून अगदी खूश होते. दर फोनला अण्णा विचारायचे, "खाडा?" आणि मी सांगायचे, "एक पण नाही." मग ते "बरं" म्हणायचे. त्या एका 'बरं'साठी मी ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत राबले. आमच्या घरात कौतुक इतपतच निघतं, त्यामुळं ते वाया घालवून चालत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला अक्काला दुसरं मूल झालं, मुलगी. या वेळी बाळंतपण सासरीच, बिलोलीला. बारसंही तिथंच, महिन्याच्या अखेरीला, भर बाजाराच्या दिवशी. अक्काचा फोन आला तेव्हा मी वॉर्डाच्या कोपऱ्यात उभी राहून बोलत होते.

"येतीस ना?"

"अक्का, नवी नोकरी आहे. खाडा कसा करू?"

"अण्णा बी तेच म्हणले. तुरीची आवक सुरू व्हायलीय म्हणे." आणि मग अक्काचा बांध फुटला. "पहिल्या पोराच्या बारशाला अण्णा न्हाई, दुसरीच्या बारशाला तुमी दोघं बी न्हाई. सासरच्याला मी काय सांगू, माझं माहेर कामावर गेलंय म्हणू? तू बी अण्णांचीच लेक निघालीस."

तिनं फोन आपटला. मी डोळे पुसून वळले तर मागं इन्चार्जबाई. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवायची त्यांना सवय नव्हती.

"तुझ्या सुट्ट्या तशाच पडून आहेत," त्या म्हणाल्या. "डिसेंबर संपला की बाद होतील. पाच दिवस घरी जा. पगार चालू राहील. उद्या अर्ज दे."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. मी आनंदानं अण्णांना फोन लावला आणि बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. 'पाच दिवस घरी जा. पगार चालू राहील.'

पलीकडं काट्याजवळचा आरडाओरडा ऐकू येत होता. अण्णा काट्यापासून जरा बाजूला गेले. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काय चुकलं तुझं?"

"काही नाही चुकलं."

"मग घरी कशाला बसवायल्यात?"

मग त्यांनी मला आडतीवरच्या एका दिवाणजीची गोष्ट सांगितली. मालक त्याला म्हणाला, चार दिवस घरी बस, पगार चालू हाय. दिवाणजी खुशीत घरी गेला, बायकोला घेऊन मुरुडला पाहुण्यांकडं जाऊन आला. परत येऊन बघतो तर त्याच्या गादीवर दुसराच बसलेला. आता तो रेणापूर नाक्यावर चहा विकतो. "चहा चांगला करतो," अण्णा म्हणाले, "पर दिवाणजी होता."

फोन ठेवल्यावर मी माझी पापं आठवायला लागले. शोधलं की सापडतंच. मागच्या आठवड्यात पेशंटचा एक नातेवाईक चपलांसकट खाटेवर आडवा झाला होता. मी त्याला उठवलं तर म्हणाला, "मी कोण आहे माहीत आहे का?" मी म्हटलं, "पेशंट नाही, एवढं माहीत आहे." सगळा वॉर्ड हसला होता. आता मला खात्रीच पटली की तो कुणीतरी मोठा माणूस असणार आणि तक्रार वरपर्यंत गेली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इन्चार्जबाईंपुढं उभी राहिले आणि पाठ केल्यासारखं म्हटलं, "मॅडम, मला रजा नको."

"नको?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पगारी सुट्टी नको?"

"नको. मी काम करते."

त्या काही बोलणार तेवढ्यात एका पेशंटला उलटी झाली आणि आम्ही दोघी तिकडं पळालो. ते बोलणं तसंच अर्धवट राहिलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डातला फोन वाजला. इन्चार्जबाईंनी उचलला, ऐकलं, आणि फोन हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या.

"खालून सिक्युरिटी बोलतो. तुझे वडील आलेत." मग सावकाश पुढं म्हणाल्या, "तू ॲडमिट आहेस म्हणे."

झालं असं होतं की खाली अण्णांना विचारलं, कोणता पेशंट? अण्णा म्हणाले, पेशंट न्हाई, लेक हाय. मग लेक कोणत्या वॉर्डात? अण्णांनी आमचा वॉर्ड सांगितला. नाव सांगा. नाव सांगितलं. ते नाव ॲडमिट पेशंटच्या यादीत सापडेना, तसा सिक्युरिटीवाला घाबरला, कारण त्याला वाटलं पेशंट पळाला. आणि त्याला घाबरलेला बघून अण्णा घाबरले, त्यांना वाटलं लेकीचं नाव आधीच काढून टाकलं.

मी जिन्यानं धावत गेले. अण्णा काचेच्या दारापाशी उभे होते. लग्नकार्याचा पांढरा सदरा, डोक्याला तेल, हातात कापडी पिशवी. मला गणवेशात, गळ्यात ओळखपत्र घालून येताना बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"हाय का अजून?" त्यांनी विचारलं. म्हणजे नोकरी.

"आहे. तुम्ही इथं कशाला?"

"म्याडमला भेटायचं हाय."

मी नको नको म्हणत असताना ते वॉर्डात पोचले. इन्चार्जबाईंनी त्यांना औषधांच्या खोलीत खुर्ची दिली. अण्णा बसेनात. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"म्याडम, पोरगी कच्ची हाय. तोंडाला जरा फाटकी हाय, ते बी मला ठावं हाय. काई चुकलं असंल तर रागवा, चार माणसांत बोला. पर तेवढी रजा देऊ नका."

इन्चार्जबाईंच्या वीस वर्षांच्या नोकरीत रजा मागायला लोक आले असतील, रजा वाढवून मागायला आले असतील. रजा देऊ नका म्हणून बसचं तिकीट काढून आलेला बाप त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. त्यांनी आधी अण्णांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं वळल्या.

"क्या गे, मैं तेरे को क्या बोली, और तू घर में क्या बोली?"

मी चप्पलवाल्या नातेवाईकाचं नाव काढलं, तर त्यांना तो आठवतही नव्हता. आठवल्यावर म्हणाल्या, बरं केलंस. मग त्यांनी अण्णांना जबरदस्तीनं खुर्चीवर बसवलं.

"भाऊ, हिला कुणी काढत नाही. ही हक्काची सुट्टी आहे."

"हक्काची म्हंजे मालकाच्या मनाची."

"नाही. हिच्या मनाची."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "हिच्या? हिला कवापासून मन आलं?"

इन्चार्जबाई हसल्या. मग पदर सारखा करून समोरच्या स्टुलावर बसल्या आणि बोलायला लागल्या. "माझे अब्बा शिंपी होते. नगावर पैसा. जेवढे कपडे शिवले तेवढेच पैसे. ताप आला तरी मशीन, पाहुणे आले तरी मशीन. मी नोकरीला लागले आणि पहिली सुट्टी घेऊन घरी बसले, तर अब्बा घाबरून विचारतात, आज दवाखाना बंद है क्या? दोन दिवस मला उठायला सांगायचे, जा, जाके देख, तेरी जगा है के नहीं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "समजावता समजावता माझी सुट्टी संपली."

अण्णा पहिल्यांदाच जरा सैल झाले. एखादा माणूस आपल्या बाजारातला निघाला की ते होतात तसे.

"हे बघा भाऊ," इन्चार्जबाई म्हणाल्या, "पगार ठरवतानाच धरलेलं असतं, की वर्षातले एवढे दिवस ही घरी बसेल. ते दिवस हिनं काम करून कमावलेत. कुणी बक्षीस देत नाही."

अण्णा विचारात पडले. त्यांचा उजवा हात मांडीवर उघडझाप करत होता. पोतं उचलायच्या आधी ते हात असाच करतात.

"म्हंजे असं," ते म्हणाले, "महिनाभर पोती उचलली. त्यातलं एक पोतं हिच्या नावानं मालकाच्या गोदामात पडून राहिलं."

"हां. अगदी असंच."

"असे किती पडले?"

"पाच. और डिसेंबर को गोदाम खाली करते. नवीन वर्षाला नवीन थप्पी."

"मग आपल्या पोत्याचं काय?"

"गेलं."

अण्णा ताडकन उठले. इतका वेळ हात जोडून बसलेला माणूस एकदम माझ्यावरच उसळला. "आन तू नको म्हणलीस? आपला माल दुसऱ्याच्या गोदामात सोडून यायलीस? बघतीस काय अशी, अर्ज लिव आधी!"

मी अर्ज लिहिला. अण्णा डोक्याशी उभे होते, पाचच्या पाच लिवलेस का म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. इन्चार्जबाईंनी सही केली आणि पिशवीकडं बोट दाखवलं.

"हे काय आणलंत?"

"तुरीची दाळ हाय. नवी."

"सुट्टी देऊ नका म्हणून आणली होती ना? आता तर दिली."

"असू द्या," अण्णा म्हणाले. "दोन्हीला चालती."

त्यांना सोडायला मी गेटापर्यंत गेले. बाहेर ऊन चांगलं तापलं होतं, रिक्षावाले ओरडत होते. मघापासून हसू आवरत होते, पण गेटाशी आल्यावर मला एकदम राग आला. कशाचा ते सांगायला मला जरा वेळ लागला.

"आज खाडा केलात ना?"

"केला."

"माझ्या शपथविधीला नाही केलात. अक्काच्या पोराच्या बारशाला नाही. आणि मला रजा मिळू नये म्हणून केलात!"

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी फारच सोपं काहीतरी विचारलं.

"तवा तुझं काई अडलं नव्हतं की," ते म्हणाले. "चांगल्या दिवशी मी नसलो तर काय बिघडतंय? वाईट दिवशी पायजे."

इतकी वर्षं मी त्यांचे न आलेले दिवस मोजत होते. आलेले दिवस मी कधी मोजलेच नव्हते. त्या गर्दीत मला गळा काढून रडावंसं वाटलं, पण अंगात गणवेश होता. मी फक्त म्हटलं, "बारशाला या ना अण्णा. अक्का रडत होती."

"तुला मिळाली न्हवं रजा? तू जा. तुरीचे दिवस हायत," ते म्हणाले आणि रिक्षात न बसता बसस्टँडकडं चालत निघाले.

बारशाच्या आदल्या दिवशी मी बिलोलीला पोचले. लातूरहून आई एकटीच आली होती. अक्कानं मला बघून मिठी मारली आणि लगेच माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. "असू दे," ती म्हणाली, "तू तर आलीस." पण भाजी निवडताना ती दोनदा दाराकडं बघून आली, ते मी बघितलं.

बारशाच्या दिवशी अंगणात मांडव, पाहुण्यांची गर्दी, स्वयंपाकाचा धूर. मला मात्र दर तासाला विचित्र गुदगुल्या होत होत्या. मी इथं पुऱ्या लाटत होते आणि तिकडं नांदेडला माझा पगार चालू होता. मी भाचीला तेल लावलं, पगार चालू. जेवून डुलकी काढली, पगार चालू. आयुष्यात पहिल्यांदा मला झोपेचे पैसे मिळत होते, आणि हे कुणाला तरी सांगावं म्हणून जीव तडफडत होता.

बुद्धवंदना झाली. बायका पाळण्याभोवती जमल्या. अक्काची नणंद बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली, तेवढ्यात व्याही मोठ्यानं म्हणाले, "अरे, या या या!"

मांडवाच्या दारात अण्णा उभे होते. तोच पांढरा सदरा, प्रवासानं चुरगळलेला. लातूरहून बिलोलीपर्यंत बसमागून बस बदलत आलेले. अक्का बाळाला सोडून तशीच त्यांच्याकडं धावली. आई जागची हलली नाही. तिचा चेहरा उतरला, कारण अण्णा असे दिवसाढवळ्या आले की काहीतरी वाईट झालेलं असतं, हे तिला पाठ होतं.

"काय झालं?" तिनं विचारलं. "बाजार बंद हाय का?"

"चालू हाय."

"मग कुणाचं काय झालं?"

"कुणाचं काई न्हाई झालं. बारशाला आलोय." ते चप्पल काढून सतरंजीवर बसले आणि गर्दीत मला शोधून विचारलं, "आज तुझी हजेरी पडायलीय न्हवं?"

"पडायलीय," मी म्हटलं. मोबाईल काढून त्यांना दाखवलं. रजा, मंजूर, पगारी. त्यांनी एकेक अक्षर जुळवत ते वाचलं.

"मग झालं तर," ते आईला म्हणाले. "घरातलं एक माणूस कामावर हाय. मी बसलो तरी चालतंय."

बाळाचं नाव ठेवलं, पाळणा म्हणून झाला, आणि बाळ अण्णांच्या मांडीवर आलं. आपले हात बाळाला खरखरीत लागतील म्हणून त्यांनी आधी मांडीवर टॉवेल पसरला, त्याच्या दोन घड्या केल्या. मग दुपारभर ते तिथून उठले नाहीत. लोक जेवून गेले, सतरंज्या झटकून झाल्या, मांडवाचे दोर सुटायला लागले. बाळ झोपलं, जागं झालं, त्यांच्या सदऱ्यावर ओलं करून पुन्हा झोपलं. अक्का येताजाता नुसती त्या दोघांकडं बघून हसायची.

ऊन कलल्यावर मीच घड्याळ बघितलं. नांदेडमार्गे लातूरला जायची बस चुकली असती तर त्यांना सकाळी बाजार गाठता आला नसता. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि हळूच आठवण केली.

अण्णांनी बाळाच्या तोंडावरची माशी हाकलली.

"उद्या बी रजा हाय का तुला?"

"आहे."

"पगारी?"

"पगारी."

"मग उद्या जाईन," ते म्हणाले, आणि बाळाचं डोकं अलगद उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं.